डोंगराचा यजमान कोण?

पावसाळ्याचा पहिला जोर ओसरून सिंहगडाच्या माथ्यावर ढग उतरू लागले, की पुण्याचे पाऊल आपसूक खडकवासल्याकडे वळते. शनिवार-रविवारी धरणालगतच्या चौपाटीवर वाहनांच्या रांगा लागतात. मक्याच्या कणसांचा धूर, भज्यांचा वास, मोटारींच्या कर्ण्यांचा कलकलाट आणि पाण्याकडे पाठ करून स्वतःचेच छायाचित्र टिपणारी मंडळी यांनी तो सारा काठ गजबजून जातो. डोणजे-गोळेवाडीच्या पुढे गडाचा घाट सुरू होतो, तेथेही हाच देखावा असतो. सोमवारी सकाळी गर्दी शहरात परतलेली असते आणि मागे उरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या व कागदी ताटल्या वाऱ्याबरोबर जलाशयाकडे सरकत असतात. त्याच जलाशयाचे पाणी त्याच मंडळींच्या घरातील नळाला येते, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

निसर्गाची ओढ असणे हा दोष खचित नव्हे. आठवडाभर टेबलाशी बसून फायली हातावेगळ्या करणाऱ्या कारकुनाला, वर्गाच्या चार भिंतींत वाढणाऱ्या विद्यार्थ्याला आणि त्याला शिकविणाऱ्या शिक्षकाला डोंगरावर जाण्याचा हक्क आहे. परदेशी सहलीला जाणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सिंहगड हाच हिमालय आणि खडकवासला हाच समुद्र आहे. तेव्हा ‘गर्दी नको, सर्वांना मज्जाव करा’ असे म्हणणे हे मूठभरांच्या सोयीचे तत्त्वज्ञान होईल. विचार करावयाचा तो वेगळ्याच गोष्टीचा. आपण कोणाकडे तरी पाहुणे म्हणून जातो तेव्हा घराची रीत यजमान ठरवीत असतो. चपला कोठे काढावयाच्या, कोणत्या खोलीत जावयाचे नाही, किती वेळ बसावयाचे, हे पाहुण्याला सांगावेही लागत नाही. मग मुठा, मोसी आणि अंबी यांच्या खोऱ्यांत आपण दर आठवड्याला हजारोंच्या संख्येने जातो, तेथील यजमान कोण? या प्रश्नाचे उत्तर आपण कधी शोधलेच नाही. पर्यटनाच्या नावाखाली या डोंगरांची जी दुर्दशा झाली आहे तिचे मूळ बव्हंशी येथे आहे.

पाण्याचे ऋण

खडकवासल्याचे दगडी धरण इंग्रजी अमदानीत, कर्नल फाईफ यांच्या योजनेनुसार १८७० नंतरच्या दशकात उभे राहिले. जुन्या लिखाणात या जलाशयाचा उल्लेख ‘लेक फाईफ’ असाच आढळतो. स्वातंत्र्यानंतर त्याच्या वरच्या अंगाला अंबी नदीवर पानशेत, मोसी नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर अशी तीन धरणे झाली. या चार धरणांची मिळून उपयुक्त साठवण सुमारे २९.१५ अब्ज घनफूट आहे आणि तीत खडकवासल्याचा वाटा अवघा १.९७ अब्ज घनफुटांचा. म्हणजे खडकवासला हा केवळ दरवाजा. पुण्याची खरी पाण्याची कोठी वरच्या तीन खोऱ्यांत आहे. त्या कोठीवर पडणारा पाऊस ज्या उतारांवरून येतो ते उतार उघडे पडले तर गाळ येणार, आणि काठांवर सांडपाणी सोडले गेले तर ते शहराच्या नळापर्यंत पोहोचणार. यासाठी पर्यावरणशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

१२ जुलै १९६१ ही तारीख पुण्यात कोणाला सांगावी लागत नाही. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेकाठचे पुणे वाहून गेले. त्या दिवसाच्या आठवणी शहराने जिवापाड जपल्या आहेत, आणि ते योग्यही आहे. परंतु याच धरणांच्या पाण्याखाली जी गावे गेली त्यांच्या आठवणी शहराच्या स्मरणात नाहीत. पुढे पानशेतच्या जलाशयाला ‘तानाजीसागर’ आणि वरसगावच्या जलाशयाला ‘वीर बाजी पासलकर’ अशी मावळ्यांची नावे देण्यात आली. मावळ्यांच्या वंशजांपैकी अनेकांना मात्र भातखाचरे सोडून दौंडसारख्या दूरच्या, उघड्या मुलखात जावे लागले. जे गेले नाहीत ते पाण्याच्या वर, डोंगराच्या चढावर सरकले. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तोही मुंबईच्या विजेसाठी आपली जमीन पाण्याखाली जाऊ नये म्हणून. शहराची गरज आणि खोऱ्याची किंमत हा व्यवहार या डोंगरांना शंभर वर्षांपासून परिचयाचा आहे.

या व्यवहाराचा एक बारीक धागा माधव गाडगीळ यांनी १९७९ साली पानशेत परिसरावर लिहिलेल्या निबंधात उलगडून दाखविला होता. धरणाच्या कामासाठी रस्ते झाले, त्या रस्त्यांनी कोळशाचे ठेकेदार डोंगरापर्यंत पोहोचले, आणि जमीन गमावून अगतिक झालेल्या लोकांनी आपली झाडे मातीमोलाने विकली. जे उतार पिढ्यान्‌पिढ्या हिरवे होते ते काही वर्षांत बोडके झाले. आज त्याच रस्त्यांनी कोळशाच्या ठेकेदाराऐवजी जमिनीचा दलाल येतो आणि भट्टीऐवजी ‘फार्महाऊस’ उभे राहते. मधली पायरी तीच आहे: खोऱ्यात राहणाऱ्या माणसाच्या हाती निर्णय नाही, म्हणून मिळेल त्या भावाला विकून मोकळे होणे त्याला शहाणपणाचे वाटते.

येथे राहणारी माणसे

हे डोंगर निर्मनुष्य नव्हते व नाहीत. पर्यटनाच्या जाहिरातींत ‘अस्पर्श निसर्ग’ असे शब्द येतात, तेव्हा ते वाचून प्रथम ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा. १३२८ च्या सुमारास दिल्लीच्या महंमद तुघलकाने त्याला वेढा घातला, तेव्हा हा गड नाग नायक नावाच्या कोळी सरदाराच्या ताब्यात होता आणि त्याने तो महिनोन्‌महिने लढविला. म्हणजे तानाजी मालुसरे यांनी १६७० मध्ये केलेल्या पराक्रमाच्या साडेतीनशे वर्षे आधीपासून या गडाशी कोळी जमातीचे नाते आहे. आज गडावर मडक्यातले दही, पिठले-भाकरी आणि देवटाक्याचे पाणी पुढे करणाऱ्या घेऱ्यातील कुटुंबांत कोळी समाजाची कुटुंबे आहेत. आपण त्यांच्याकडे ‘स्टॉलवाले’ म्हणून पाहतो आणि कधी कधी ‘अतिक्रमण करणारे’ म्हणूनही.

वरच्या पठारांवर गवळी धनगरांचे वाडे आहेत. म्हशी पाळून लोणी-तूप विकणे हा त्यांचा जुना व्यवसाय. खालच्या अंगाला, जलाशयांच्या कडेने आणि गावांच्या वेशीबाहेर कातकऱ्यांच्या वस्त्या आढळतात. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ‘कातकरी’ किंवा ‘कातोडी’. जंगल सरकारी झाले, खैर तोडणे गुन्हा ठरले, आणि एक कसबी जमात वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबणाऱ्या मजुरांची जमात बनली. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची नोंद अतिशय दुर्बल अशा आदिम जमातींत केली जाते. त्यांपैकी एक जमात पुण्याच्या वेशीवर राहते, ही गोष्ट आपल्या शाळांतील किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? कोणत्या ओढ्यात केव्हा मासा चढतो, कोणता कंद कसा शिजविला म्हणजे बाधत नाही, कोणत्या कपारीत मध बसले आहे, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण निरक्षर म्हणतो.

या लोकांची निसर्गाशी असलेली रीत देवरायांत दिसते. देवाच्या नावाने राखलेले रान: तेथे कुऱ्हाड चालवावयाची नाही, वाळलेली काटकीही घरी न्यावयाची नाही, पायातले काढून आत जावयाचे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील या देवरायांचा अभ्यास करून त्यांच्या रक्षणासाठी कळकळीचे आवाहन केले होते. बाहेरच्या जगाने ज्याला संरक्षित क्षेत्र म्हणावयाचे ते या खेड्यांनी कोणत्याही राजपत्राशिवाय शेकडो वर्षे चालविले. ते अर्थातच निर्दोष नव्हते. देवराईच्या रीतींत बायकांवर बंधने होती, भीतीचा अंश होता, आणि जेथे देवळाचा जीर्णोद्धार करावयाचे मनावर आले तेथे गावकऱ्यांनीच जुनी झाडे विकली आहेत. आदिवासी म्हणजे निसर्गाचा जन्मजात पुजारी, ही समजूत जितकी भाबडी तितकीच त्याला जंगलाचा शत्रू मानणारी समजूत अन्यायाची. सत्य एवढेच की, ज्याचे उद्याचे जगणे या रानावर अवलंबून आहे त्याला रानाची मर्यादा कळते. आणि ती पाळण्याचे सामर्थ्य त्याच्या हाती राहिले तर तो ती पाळतोही.

गर्दी आणि कुंपण

या खोऱ्यात पर्यटनाचे दोन नमुने आपल्याला दिसले. पहिला गर्दीचा, दुसरा कुंपणाचा.

गर्दीचा नमुना खडकवासल्याच्या चौपाटीवर आणि सिंहगडावर रोज पाहावयास मिळतो. त्याला शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. वनखात्याच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत घाटाच्या तोंडाशी वाहनांकडून शुल्क घेतले जाते. त्याचे नाव ‘उपद्रव शुल्क’, आणि ते मोठे बोलके आहे: पाहुणा हा उपद्रव होय असे गृहीत धरून त्याची किंमत वसूल करावयाची. परंतु पैसे मोजले की उपद्रव करण्याचा परवाना मिळाला, असे पाहुण्यालाही वाटू लागते. मे २०२२ मध्ये खासगी वाहनांना घाटात बंदी करून विजेवर चालणाऱ्या बसगाड्या सुरू करण्यात आल्या. कल्पना उत्तम होती. परंतु गर्दीच्या मानाने गाड्या अपुऱ्या पडल्या, लोक ताटकळले, आणि काही दिवसांतच ती योजना गुंडाळावी लागली. गडावर एका दिवसात किती माणसे जावीत, हा मूळ प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. ती कशी जावीत एवढेच ठरविले गेले होते.

या बेफिकिरीची किंमत कधी कधी माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना पूल पर्यटकांच्या भाराखाली कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. अशा घटनेनंतर जमावबंदीचा हुकूम निघतो, धबधब्यांवर पोलीस उभे राहतात, आणि चार आठवड्यांनी सारे पूर्ववत होते. बंदी हा राज्यकर्त्यांच्या हातचा सोपा उपाय. तिची झळ मात्र पाहुण्यापेक्षा काठावर कणसे विकणाऱ्या बाईला अधिक लागते.

कुंपणाचा नमुना वरच्या अंगाला, मोसी खोऱ्यात उभा राहिला. राज्य सरकारने १९९६ साली नव्या गिरिस्थानांसाठी नियमावली केली आणि तिच्या आधाराने वरसगाव जलाशयाच्या भोवती ‘लवासा’ हे खासगी शहर वसविण्याचा घाट घातला गेला. ज्या डोंगरांत महादेव कोळी, धनगर, कातकरी आणि मराठा कुटुंबांची गावे होती, तेथे युरोपातील सरोवराकाठच्या शहरासारखी रंगीत घरे उभी राहिली. जमिनींच्या व्यवहारांबद्दल तक्रारी झाल्या. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबविण्याची नोटीस दिली आणि वर्षभराने अटी घालून पहिल्या टप्प्याला संमती दिली. पुढे २०१८ मध्ये हा प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. तेथे कचरा दिसत नाही, कर्णे वाजत नाहीत, सारे काही नीटनेटके असते, असे त्याचे समर्थक सांगत. पण ज्या भूमीत तेथील मूळ माणूस केवळ पहारेकरी आणि सफाई कामगार म्हणून उरतो, त्या नीटनेटकेपणाचे कौतुक किती करावयाचे? चौपाटीवर यजमान बेवारस आहे. कुंपणाच्या आत तो नोकर आहे. यजमान म्हणून तो दोन्हीकडे नाही.

दुसरीकडे काय घडले

यजमानाला त्याची जागा परत देता येते, याची उदाहरणे जगात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी उलुरू नावाचा प्रचंड तांबडा खडक आहे. अनंगू या तेथील आदिवासींचे ते पवित्र स्थान. पण अनेक दशके पर्यटक त्यावर साखळी धरून चढत. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सरकारने त्या भूमीचे स्वामित्व अनंगूंना परत केले आणि त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या कराराने सरकारला भाड्याने दिली. उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळात अनंगूंचे बहुमत ठेवण्यात आले. त्यांनी पहिल्याच दिवशी बंदीची भाषा केली नाही. हा खडक आमच्या दृष्टीने काय आहे, हे ते पाहुण्यांना वर्षानुवर्षे सांगत राहिले आणि चढू नका अशी विनंती करीत राहिले. चढणाऱ्यांची संख्या घटत गेली, तेव्हा २०१७ मध्ये मंडळाने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. पर्यटक आजही तेथे जातात, खडकाच्या पायथ्याने चालतात, अनंगूंच्या तोंडून कथा ऐकतात. फरक एवढाच की, आता घराची रीत घरधनी सांगतो.

आपल्याकडेही अशी थोडी वाट चालली गेली आहे. साताऱ्याजवळील कासच्या पठाराची कीर्ती, विशेषतः २०१२ मध्ये सह्याद्रीतील काही स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेल्यावर, एवढी पसरली की फुलांपेक्षा माणसे जास्त दिसू लागली. तेव्हा भोवतालच्या गावांच्या वन समित्यांच्या हाती व्यवस्था आली. दिवसाला सुमारे तीन हजार माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, शुल्क, आणि गावातील तरुणांना मार्गदर्शक व राखणदार म्हणून काम. कासमध्ये चुकाही झाल्या. पठाराला कुंपण घातले, गुरांची चराई थांबली, आणि मग फुले रोडावल्याची तक्रार सुरू झाली. पुढे ते कुंपण काढण्यात आले. चरणारी गुरे आणि बहरणारी फुले यांचे काही नाते असते, हे गुराखी जाणतो. त्याला विचारून कुंपण घातले असते, तर कदाचित ते घातलेच गेले नसते.

अकोले तालुक्यातील पुरुषवाडी हे महादेव कोळ्यांचे गाव आणखी वेगळा धडा देते. मे-जूनच्या संधिकाळात तेथील झाडे काजव्यांनी लखलखतात. गावाने पाहुण्यांची सोय घराघरांत वाटून घेतली. जेवण पाळीपाळीने वेगवेगळ्या घरी, वाटाड्या गावातलाच, आणि मिळणारा पैसा हॉटेलवाल्याच्या गल्ल्यात न जाता चुलीपर्यंत पोहोचणारा. त्याच मोसमात भंडारदऱ्याच्या परिसरात मोटारींच्या दिव्यांचा असा झगमगाट होतो की काजव्यांना एकमेकांच्या खुणा दिसणे कठीण व्हावे. काजवा प्रकाशतो तो जोडीदाराला बोलावण्यासाठी, प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी नव्हे. हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे तोच दिवे मालवा असे ठामपणे सांगू शकतो.

आक्षेप आणि कायदा

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. गावकऱ्याच्या हाती कारभार दिला तर तोच उद्या चार खोल्यांचे हॉटेल बांधील, तोच जमीन विकील, गावातील दांडगे लोक समिती बळकावतील आणि कातकरी पुन्हा वेशीबाहेरच राहील. हा आक्षेप निराधार नाही. ‘गाव’ म्हणजे एकजिनसी, निर्मळ वस्तू नव्हे. आणि संयुक्त वन व्यवस्थापनाच्या अनेक समित्या कागदापुरत्याच राहिल्या आहेत. आणखी एक धोका म्हणजे ‘आदिवासी संस्कृती’चे दुकान मांडले जाण्याचा. संध्याकाळी शेकोटीभोवती पाहुण्यांसमोर नाच, सकाळी वारली चित्रांच्या कपातून चहा, अशा सोंगाला सन्मान म्हणता येणार नाही. ज्या नाचाचा सणाशी संबंध तुटला तो केवळ व्यायाम होय. म्हणूनच काय दाखवावयाचे आणि काय झाकून ठेवावयाचे, हे ठरविण्याचा हक्क ज्याची संस्कृती त्याचाच असला पाहिजे.

हा हक्क सद्भावनेवर सोडून चालणार नाही. त्याला कायद्याचे बळ हवे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा येथे उपयोगी पडत नाही. पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील काही गावेच अनुसूचित क्षेत्रात येतात. हवेली, मुळशी आणि वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका यांना तो लागू नाही. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याला अशी सीमा नाही. त्या कायद्यानुसार आदिवासींना, आणि तीन पिढ्यांचा पुरावा देणाऱ्या इतर वननिवासींनाही, गावाच्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मागता येतो. आदिम जमातींसाठी तर वसतिस्थानाच्या हक्काची स्वतंत्र तरतूद आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्येच असा सामूहिक हक्क मिळवून आपल्या जंगलाचा कारभार हाती घेतला. गडचिरोलीला जे जमले ते विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या शहराच्या शेजारी का जमू नये? त्याखेरीज २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती नेमून परिसरातील वनस्पती, प्राणी व लोकज्ञान यांची नोंदवही ठेवावयाची आहे. हे काम मनापासून करावयाचे झाले तर कातकऱ्याला वेशीच्या आत बोलावूनच करावे लागेल.

काय करता येईल

या खोऱ्यापुरता विचार केला तर चार-पाच गोष्टी अवघड नाहीत. पहिली, सिंहगड आणि जलाशयांचे काठ यांसाठी दिवसाची कमाल संख्या ठरवावी, आणि ती ठरविताना पाणी, वाट व कचरा यांची क्षमता पाहावी. दुसरी, वाहने डोणज्याच्या अलीकडे थांबवून बस पुरेशा संख्येने चालवाव्यात. २०२२ चे अपयश हे कल्पनेचे अपयश नव्हते, तयारीचे होते. तिसरी, शुल्काचा ठराविक हिस्सा घेऱ्यातील व काठावरील गावांच्या ग्रामसभांकडे जावा आणि त्याचा हिशेब चावडीवर लावावा. चौथी, विणीच्या काळात पक्ष्यांच्या जागा, देवराया आणि गावाने मागितलेले दिवस पाहुण्यांना बंद असावेत. सिंहगडाच्या पायथ्याची दरी पक्षिनिरीक्षकांची आवडती आहे. तेथे छायाचित्रासाठी पाखरांना आमिष दाखविण्याची खोड तरी आपण सोडलीच पाहिजे. आणि पाचवी, जलाशयाच्या काठच्या प्रत्येक विश्रामगृहाचे व वस्तीचे सांडपाणी शुद्ध झाल्याशिवाय पाण्यात जाता कामा नये.

खडकवासला गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आले. त्यामुळे चौपाटीची जबाबदारी ‘ग्रामीण’ म्हणून झटकण्याची सोय आता शहराला राहिलेली नाही. मात्र महापालिकेत येणे म्हणजे सुशोभीकरण, काँक्रीटचा काठ आणि रंगीत दिवे असा अर्थ झाला, तर तो जुन्याच चुकीचा नवा अंक ठरेल. काठावरच्या विक्रेत्यांना हुसकावून तेथे मोठ्या ठेकेदाराचा उपाहारगृह-समूह उभा करणे हे सुधारणेचे लक्षण नव्हे. त्यांनाच परवाने, पाणी, कचऱ्याची व्यवस्था आणि त्याबरोबर जबाबदारी देणे ही सुधारणा होय.

सरकार आणि महापालिका यांच्याकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. या पानाचे वाचक बहुतांशी शिक्षक, कचेऱ्यांतील कर्मचारी आणि विद्यार्थी आहेत. खडकवासल्याची गर्दी म्हणजे काही अंशी आपणच. शाळेची सहल काढताना गडाचा इतिहास सांगणाऱ्या शिक्षकाने नाग नायकाचे नाव घ्यावे, आणि ज्या गावावरून सहल जाते त्या गावातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला अर्धा तास बोलावयास बोलवावे, मानधन देऊन. महाविद्यालयांच्या गिर्यारोहण मंडळांनी वाटाड्या गावातला घ्यावा, शिधा गावातून घ्यावा आणि कचरा शहरात परत न्यावा. चार मित्रांनी मिळून जलाशयाकाठी तुकडा घेण्याचा बेत करणाऱ्या मध्यमवर्गीयाने तो तुकडा कोणाच्या अगतिकतेतून विकला जात आहे, याची चौकशी करावी. यांतून क्रांती होणार नाही. पण यजमान आहे, तो माणूस आहे आणि त्याचे म्हणणे आहे, एवढी जाणीव तरी मुलांच्या मनात रुजेल.

आपण ज्यांच्या भातखाचरांवर साठलेले पाणी पितो, त्यांच्या दारात निदान पाहुण्याच्या मर्यादेने जावे, ही अपेक्षा मोठी नाही. डोंगर वाचवावयाचे असतील तर केवळ फलक, दंड आणि कुंपणे पुरणार नाहीत. डोंगरात राहणाऱ्या माणसाला ‘या’ म्हणण्याचा अधिकार हवा, आणि त्याच्या जोडीला ‘आज नको’ म्हणण्याचाही. तो दुसरा अधिकार त्याला मिळत नाही तोवर पहिल्याला आतिथ्य म्हणता येत नाही.